झेप की वारू

वाहन-वर्तन प्रयोगशाळेत एक नियम होता: स्वतःची प्रतिमा स्वतः उघडायची नाही. नियम चांगलाच होता, पण तो करणाऱ्याला कधी दाराबाहेरच्या त्या लोखंडी बाकावर बसावं लागलं नसणार. विशाखा शेंडकर तिथे पाऊण तास बसून होती. आत वाघमोडे सर तिचं पुढच्या दहा वर्षांचं गाडी चालवणं बघत होते.

खरं तर विशाखा तिथलीच. रस्ता विभागाची प्रमुख. प्रयोगशाळेच्या संगणकात खड्डे, चढ, उतार, कठडे यांच्यासकट हुबेहूब उभे केलेले रस्ते होते, ते सगळे तिच्या हातचे. त्या रस्त्यांवर माणसं सोडायचं काम डॉ. पिराजी वाघमोड्यांचं. माणसं म्हणजे चालक-प्रतिमा. तुमच्या जुन्या गाडीत चाळीस दिवस एक डबी बसवायची. स्टिअरिंगवरचे हात, ब्रेकवरचा पाय, आरशाकडे जाणारे डोळे, श्वास, नाडी, सगळं ती टिपून घ्यायची. त्यावरून संगणकात तुमच्यासारखा एक चालक तयार व्हायचा. तुमच्याइतकाच घाबरणारा आणि तुमच्याच ठिकाणी कंटाळणारा. मग त्याला नव्या गाडीत बसवून तुमच्याच रोजच्या रस्त्यावर दहा वर्षं पळवायचं. या दहा वर्षांना यंत्राला चाळीस मिनिटं लागत.

आपोआप चालणाऱ्या गाड्या येऊन बराच काळ झाला होता, पण महामार्गापुरत्याच. घाटात दरडी, शेळ्या आणि चुकीच्या बाजूने बिनधास्त वर येणारे पाहुणे यांच्यापुढे त्या गाड्यांनी हात टेकले. तेव्हा घाटात माणसानेच चालवायचं, आणि घाटातून रोज जाणाऱ्याने नवी गाडी घेण्याआधी प्रतिमेचा अहवाल घ्यायचा, असा कायदा झाला. विशाखा पांगारखिंडीच्या माथ्यावर राहत होती. नवरा उदय तिथल्या निवासी शाळेत गणित शिकवायचा, शाळेचंच घर होतं. प्रयोगशाळा खाली, वाईच्या पुढे. मुलगी कृत्तिका दहा वर्षांची, तिची शाळा वाईत आणि तबल्याचा क्लासही वाईत. म्हणजे रोज सकाळी तेरा वळणं खाली आणि संध्याकाळी तेरा वळणं वर, आणि मागच्या डाव्या सीटवर कृत्तिका.

विशाखाची जुनी गाडी वयाच्या नियमात बाद झाली होती. नवी घ्यायची तर दोनच गाड्या तिच्या मनात होत्या. दोन्ही छोट्या, दोन्ही पळणाऱ्या. आता रोजच्या ये-जा करायला पळणारी गाडी कशाला, असं सासूबाईंपासून प्रयोगशाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांनी तिला विचारून झालं होतं. तिला गाडी चालवायला आवडायचं, हे उत्तर कुणाला पटत नव्हतं. बाईमाणसाने ‘रंग आवडला’ म्हटलं असतं तर पटलं असतं.

पहिली गाडी झेप. आखूड, बुटकी, कडक स्प्रिंगांची. स्टिअरिंगला नुसतं बोट लावलं तरी वळायची. रस्त्यातला प्रत्येक दगड पाठीच्या कण्यापर्यंत पोचवायची. डिकीत तबला मावला तर डग्गा मांडीवर घ्यावा लागे, आणि मोठा गतिरोधक आला की पोट घासलं जाईल का म्हणून श्वास रोखायचा. दुसरी वारू. मोटर तीच आणि ताकदही तेवढीच, पण स्वभाव अगदी वेगळा. तिला पुढे एक रस्तावाचक डोळा होता. खड्डा यायच्या आधीच तो बघून ठेवायचा आणि त्या चाकाचा आधार मऊ करायचा. वळणावर गाडी आतल्या बाजूला स्वतः झुकायची. मागे दोन मुलं ऐसपैस बसतील एवढी जागा, डिकीत तबला, डग्गा आणि आठवड्याची भाजी. उदयचं मत अर्थातच वारू. त्याने ती चालवून बघितली होती आणि एका हाताने चालवली होती. त्याला सगळ्याच गाड्या एका हाताने चालवायची सवय होती.

वाघमोडे सर बाहेर आले. अठ्ठावन्न वर्षांचा, सांगोल्याकडचा शांत माणूस. ते बाकावर तिच्या शेजारी बसले.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. वारूत तिची प्रतिमा चौदाव्या महिन्यात दरीत जाते. झेपमध्ये तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, धुक्यात. दोन्ही वेळा मागच्या सीटवर कुणीतरी असतं.

“कुठल्या वळणावर?” विशाखाने विचारलं.

वळण सांगायचं नाही, असं ते म्हणाले. वळण कळलं की माणूस तेवढंच वळण सांभाळतो आणि बाकीच्या बारा वळणांवर मोकळा सुटतो.

विशाखा इंजिनिअर होती. रडण्याआधी तिला हिशेब जुळवायचा होता. “सर, जुन्या गाडीत अकरा वर्षं मला साधा ओरखडा नाही. या दोन्ही गाड्यांचे ब्रेक तिच्या दुप्पट चांगले आहेत. मग हे कसं शक्य आहे?”

“ब्रेक चांगले आहेत म्हणूनच. तुझा आणि माझा हा जुना वाद आहे, विशाखा. तू म्हणतेस, माणूस वेग ठरवतो. तसं नसतं. प्रत्येकाचं एक भयमान असतं. चालवताना जेवढी भीती त्याला सोसते, तेवढी. ताप मोजावा तसं आपण ते मोजतो. भीती त्याच्या वर गेली की पाय आपोआप उचलला जातो, खाली आली की दाबला जातो. माणूस भीती एकसारखी ठेवतो आणि वेग तिच्यामागून ठरतो. त्याला चांगले ब्रेक दे, तो वेग वाढवत जातो, भीती पुन्हा होती तिथे येईपर्यंत. तुमच्या विभागाने घाटातले कठडे उंच केले, तेव्हा अपघात कमी झाले ना?”

“सहा महिने.”

“आणि मग?”

“मग होते तेवढेच झाले,” विशाखा म्हणाली. तिनेच तो तक्ता काढला होता.

वारू म्हणूनच वाईट, असं त्यांनी पुढे समजावलं. ती भीती वाटूच देत नाही. नव्वदच्या वेगाला आत बसलेल्याला चाळीसचा भास होतो. झेप पन्नासलाच थरथरते, ओरडते, माणसाला जागं ठेवते. रोज चालवायची गाडी म्हणून तीच त्यातल्या त्यात बरी. अपघात टळत नाही, लांबतो. “आणि प्रतिमा म्हणजे काही ब्रह्मदेवाची रेघ नाही,” ते उठता उठता म्हणाले. “ती तुझी आजवरची सवय आहे. तू तिच्यापेक्षा हळू चालवलीस, तर ती खोटी ठरेल.”

घरी गेल्यावर उदयने काय निघालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, ठीक आहे, झेप घ्या म्हणाले. आता हे असं का म्हणाली, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. देवासमोर दिवा लागलेला, कृत्तिका तिथेच गृहपाठ करत बसलेली, आणि तिच्यादेखत ‘तू आणि मी दरीत जाणार आहोत’ असं तोंडातून कोण काढेल? वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे विशाखा मानत नव्हती, पण पाळत होती. प्रयोगशाळेच्या उपाहारगृहातही हेच चालायचं. अहवाल घेऊन आलेला प्रत्येक जण विचारल्यावर ‘ठीक आहे’ म्हणायचा आणि चहात बघायचा.

तर झेप आली. कृत्तिकेने पिवळी निवडली. शोरूमवाल्याने हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे वाटले, आणि विशाखाने ती पळणारी गाडी तिसाच्या वर न नेता घरी आणली.

पुढची अडीच वर्षं तिने अशीच काढली. घाटात तीस, वळणावर पंधरा. मागे जीपवाले, टेंपोवाले, दुधाची गाडी अशी रांग लागायची आणि हॉर्नचा कालवा व्हायचा. जागा मिळाली की पुढे जाणारा प्रत्येक जण काचेतून वळून बघायचा. कृत्तिका सीटवर खाली सरकून बसायची. एकदा तिने सांगितलं, वर्गातली मुलं आपल्या गाडीला गोगलगाय म्हणतात. विशाखा म्हणाली, म्हणू देत. उदय सुरुवातीला चेष्टा करायचा, मग वैतागायला लागला. एवढी पळणारी गाडी घेतली ती काय फुलं वाहायला, असं एकदा जरा जास्तच लागेल असं बोलला. रविवारी तो गाडी मागायचा आणि ती काहीतरी सबब सांगायची.

तिने इतर वाटा शोधल्या नव्हत्या असं नाही. वाईत घर घेऊ म्हणाली, तर उदयची नोकरी आणि शाळेचं घर दोन्ही वरच. कृत्तिकेला वरच्या शाळेत घालू म्हणाली, तर ती तबल्याच्या गुरूंसाठी रडून रडून आजारी पडली. एस.टी. सकाळची एकच, ती शाळा भरल्यावर पोचायची. एका सुट्टीच्या दिवशी विशाखा एकटी वारू चालवायला गेली, फक्त खात्री करायला. दुसऱ्याच वळणावर तिला इतकं हलकं वाटलं की ती गाणं गुणगुणायला लागली, आणि काट्याकडे नजर गेली तर शहात्तर. तिने गाडी बाजूला घेतली. चौदावा महिना का, ते तिला पुरतं कळलं.

तिसरं वर्ष लागलं. सप्टेंबरात तिचं वजन सहा किलो उतरलं. डॉक्टरांनी थायरॉइड तपासलं, ते उत्तम निघालं. ती झोपेत ब्रेक दाबते, असं उदयने एकदा हसत सांगितलं, आणि मग तिचा चेहरा बघून त्याचं हसणं थांबलं. ऑक्टोबरच्या शेवटी सकाळी खिंडीत धुकं उतरायला लागलं. आता एक महिना, एवढंच तिच्या डोक्यात. हा महिना रजा घ्यावी? पण अहवाल म्हणजे नेमकी तारीख नव्हे, हे तिला ठाऊक होतं. डिसेंबरात धुकं नसतं का?

नोव्हेंबरच्या चार तारखेला नवव्या वळणावर दरड कोसळली. रस्त्याचा आकार बदलला, की जुन्या सगळ्या नोंदी नव्या रस्त्यावरून पुन्हा फिरवून बघायच्या, ही रस्ता विभागाची रीत. या नोंदींना नावं नसतात, फक्त क्रमांक आणि तारीख. अहवालाची तारीख विशाखा विसरणं शक्यच नव्हतं. अडीच वर्षं तिने त्या क्रमांकाकडे बघायचं टाळलं होतं. दरड हटवून रस्ता सुरू झाला त्या दिवशी दुपारी तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि नोंद उघडली. नियम मोडला म्हणून नोकरी गेली तर जाऊ दे, वळण कुठलं ते मला हवं आहे, असं ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली.

वळण अकरावं निघालं. तिने ते तीनदा पाहिलं. मग आधीचे दिवस मागे मागे नेत पाहिले, कुठे काय चुकतंय ते शोधत. आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं, की काहीतरी नाहीच आहे.

पाचव्या वळणाला भैरोबाचं छोटं देऊळ आहे. घाटातून जाणारा प्रत्येक माणूस तिथे स्टिअरिंगवरचा एक हात काढतो, छातीला लावतो, कपाळाला लावतो आणि परत चाकावर ठेवतो. एस.टी.चे ड्रायव्हर करतात, ट्रकवाले करतात, देव न मानणारा उदयही करतो. विशाखाने तर लग्न होऊन आल्यापासून एक दिवस चुकवला नव्हता. तिने चाळीस दिवसांची मूळ नोंद काढली. चाळीसही दिवस, पाचव्या वळणाला, उजवा हात सव्वा सेकंद चाकावरून उठलेला होता. अहवालातल्या प्रतिमेने अडीच वर्षांत त्या देवळावरून हजारावर फेऱ्या मारल्या होत्या, आणि एकदाही हात उचलला नव्हता.

ही प्रतिमा तिची नव्हती. कुणाचीच नव्हती. घाट माहीत नसलेल्या, सपाटीवरच्या कुणीतरी बसून बनवलेला तो नुसता नमुना-चालक होता.

ती नोंदी घेऊन खोलीत गेली तेव्हा वाघमोड्यांनी काहीच नाकारलं नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि देवळाचं ऐकून म्हणाले, की एवढी वर्षं मी माणसांचं वागणं मोजतोय आणि हे मला ठाऊक नव्हतं. नंतर त्यांनी सगळं सांगितलं. तिची खरी प्रतिमा त्यांनी झेपमध्ये चार वेळा चालवली होती. पहिल्यांदा प्रतिमेला काही न सांगता. दहा वर्षं, आणि घराच्या फाटकाला एक ओरखडा.

अडीच वर्षं, विशाखा म्हणाली, सर, अडीच वर्षं मी रोज माझ्या मुलीला मेलेली बघत होते.

“मला माहीत आहे. पुढचं ऐक. दुसऱ्यांदा मी प्रतिमेला सांगितलं, की अहवाल चांगला आहे, दहा वर्षं काही होत नाही. एकोणिसाव्या महिन्यात दरीत. चांगला अहवाल म्हणजेसुद्धा चांगले ब्रेकच असतात, विशाखा. माणूस तेवढी भीती कमी करतो आणि तेवढा वेग वाढवतो. कायद्याने अहवाल द्यावाच लागतो, न सांगायची सोयच ठेवलेली नाही. मग मी तिसऱ्यांदा सांगितलं, की तिसऱ्या वर्षी मरशील. सुखरूप. तिसरं वर्ष संपेपर्यंत तरी सुखरूप.”

“आणि संपल्यावर?”

“पुढच्या महिन्यात मी तुला बोलावून नवा अहवाल देणार होतो. पाचव्या वर्षाचा.”

सगळ्यांनाच असं दिलंय का, हे तिने विचारलं, पण उत्तर तिला कळलं होतं. या इमारतीतून ‘सुरक्षित’ असा एकही अहवाल आजवर बाहेर पडलेला नव्हता. दोन हजार तीनशे घरांना दोन हजार तीनशे मरणं वाटलेली होती, आणि घाटातले अपघात निम्म्याच्या खाली आले होते. वाघमोड्यांना भीती होती की हे सहा महिन्यांत फुटेल. दोन शेजारी एकमेकांना अहवाल दाखवतील आणि झालं. पण वाईट तोंडातून काढायचं नाही म्हणून कुणी कुणाला सांगितलंच नाही. नवऱ्याने बायकोला नाही, भावाने भावाला नाही.

मग ती चौथ्या वेळेवर आली. चौथ्यांदा काय केलं होतं?

“अहवाल खोटा होता, हे कळलेली प्रतिमा,” ते म्हणाले. “सात महिने.”

हेही तुम्ही बनवलेलं असेल, असं ती म्हणाली. त्यांनी मान डोलावली. असू शकेल, म्हणाले. माझ्यावर विश्वास ठेवायचं तुला काही कारण उरलेलं नाही. आता मी तुला घाबरवू शकत नाही, आणि तुझी काळजी मला त्याचीच आहे.

ती उठली. कृत्तिकेला वाईतून घ्यायचं होतं.

घाट लागला तेव्हा ऊन होतं, रस्ता कोरडा होता. विशाखाच्या मनात राग होता, वाघमोड्यांना काय काय सुनवायचं राहिलं ते ती जुळवत होती. पण त्या रागाखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. मोकळं वाटत होतं. काही होणार नाही. कधी होणारच नव्हतं. अडीच वर्षांनी तिला खांदे खाली सोडता आले. झेप किती सुंदर गाडी आहे, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. बोट लावलं की वळायची, बाहेर पडताना झेपावायची, नावासारखी. मागे हॉर्न नव्हते, मागे कुणीच नव्हतं. ती पुढच्या जीपच्याच मागे लागली होती.

“आई,” मागून कृत्तिका म्हणाली, “आज किती मस्त चालवतेयस.”

तिने काट्याकडे बघितलं. चौसष्ट. वळण अकरावं.

पाय उचलला गेला, छातीत धडधडलं, गाडी तिसावर आली. ठीक आहे, तिने स्वतःला बजावलं, लक्षात राहिलं, आता तीसच. बारावं वळण तीसने घेतलं. पुढे सरळ तुकडा आला, आणि माथ्यावर पोचताना तिने पुन्हा बघितलं तेव्हा काटा अठ्ठावन्नवर होता. कुणी नेला, कधी नेला, तिला सांगता येईना. घाबरायचं असं ठरवून घाबरता येत नाही, हे दोन वळणांत तिला दिसलं होतं. सात महिने हा आकडा वाघमोड्यांनी बनवला असेल-नसेल. तिला तो आता मोजून बघायचा नव्हता.

घराच्या दारात गाडी लावल्यावर कृत्तिका पळत आत गेली, आणि विशाखा आतच बसून राहिली. खरं कळलेल्या माणसाने ही गाडी घाटात न्यायची नाही, एवढं नक्की. म्हणजे उदयने न्यायची. त्याचं शाळेचं वेळापत्रक बदलता येईल, तो दोघींना खाली सोडेल आणि परत आणेल. त्याला आवडेलच. उदय, जो सगळ्या गाड्या एका हाताने चालवतो. ज्याला कधी कुणी अहवाल दिला नाही, कारण तो वरच्या सपाटीवर शाळेची जीप तेवढी चालवतो. तिला त्याला सगळं सांगून टाकायचं होतं. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायचं होतं, अडीच वर्षं मी अशी का वागले ते सांगायचं होतं. हेच तर तिला आता करता येणार नव्हतं. जो चालवणार त्याला खरं कळून चालणार नव्हतं.

उदय ओट्याशी चहा करत होता. तिने सांगितलं, उद्यापासून गाडी तू चालव, मला आता जमत नाही. तो आधी चमकला, मग त्याचा चेहरा इतका खुलला की तिला बघवेना. अखेर, तो म्हणाला. त्याने किल्ली तिच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतली आणि बोटाभोवती फिरवली. वीस मिनिटांत वाईत पोचवतो की नाही बघ दोघींना.

“उदय,” ती म्हणाली, “जुन्या गाडीत डबी बसवली होती तेव्हा तूही ती चालवली होतीस ना. दोन-चार दिवस.”

“हो. मग?”

“आज मी तुझी प्रतिमा चालवली. झेपमध्ये.”

देवासमोर दिवा होता. तिने तिकडे पाठ केली आणि सांगितलं. दुसऱ्या वर्षी, धुक्यात, दरीत. एवढं मोठ्याने, स्पष्ट शब्दांत तिने आयुष्यात कधी वाईट उच्चारलं नव्हतं. किल्ली फिरायची थांबली. गॅसवरचा चहा उतू गेला, तरी कुणी हात लांब केला नाही. काहीतरीच काय, चुकलं असेल तुमचं यंत्र, असं तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. मग तो बोलला, अगदी हळू, कारण पलीकडच्या खोलीत तबला सुरू झाला होता.

“कृतू असते का गाडीत? तेव्हा?”

हे तिने ठरवलेलं नव्हतं. गाडीत बसून सगळं जुळवताना हा प्रश्न तिच्या डोक्यात आलाच नव्हता. नाही म्हणावं, एवढं तरी त्याला द्यावं, असं तिला फार वाटलं. पण एकट्याच्या मरणाची भीती त्याला किती दिवस पुरली असती?

“हो,” विशाखा म्हणाली. “असते.”